बंद बोअर

झिंगा ताजा असला की त्याचं कवच बोटाला टणक लागतं. प्रज्वलनं फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरलेला झिंगा मात्र भिजलेल्या कागदासारखा वाकला आणि त्याच्या चिमटीत चपटा झाला.

"पाह्यलं, ईसू? दोन नंबरचं तळं पुरं असं झालं. सारे वरती तरंगून रायले."

ईश्वरीनं समोरच्या पडद्यावरून नजर काढून फोनकडे नीट पाहिलं. ती भूकोठी प्रकल्पाच्या नियंत्रण कक्षात बसली होती आणि तिच्या पडद्यावरच्या सगळ्या खुणा हिरव्या होत्या, म्हणजे सारं ठीक.

"रोग पडला असंन दादा. मांगच्या वर्षी नव्हता का तो, पांढऱ्या ठिपक्यांचा?"

"ठिपका कुठं दिसते तुले? अन् रोगानं कवच मऊ पडते काय? पट्टी टाकली मी पाण्यात. रोज आठाच्या वर राह्यते पीएच. आज साडेपाच."

"पट्टी जुनी असंन."

"तुह्या वहिनीनं नवं पाकीट आणलं, त्यातलीबी टाकली. आता तू म्हणशीन पाणीच जुनं हाय."

मागे रोशनीवहिनी हसली, पण ते हसू अर्ध्यातच विरलं. झिंगे काढायला जेमतेम पंधरवडा उरला होता.

ईश्वरीला हसू आलं नाही. खारं पाणी सहजासहजी आंबट होत नाही. त्यात विरघळलेले क्षार बाहेरून आलेलं आम्ल बराच काळ पचवतात. ते संपल्यावरच पीएच घसरायला लागतो. म्हणजे तळ्यात आम्ल आलं होतं, आणि भरपूर आलं होतं. ते कोणी ओतलं नव्हतं. त्याला रंग नव्हता, वास नव्हता. असं चोरपावलांनी पाण्यात शिरून त्याला आंबट करणारी एकच गोष्ट तिला ठाऊक होती. ती तिच्या भावाच्या तळ्याखाली किलोमीटरभर खोल होती, आणि तिथे भरणाऱ्यांपैकी ईश्वरी स्वतः एक होती.

"मी निघते दादा. पाण्याचा नमुना घेऊ."

"ये. तोवर तळं रिकामं करतो. सडले तं वास सुटंन."

"कर," ती म्हणाली. नंतर कितीतरी वेळा तिला तो एक शब्द आठवणार होता.

* * *

डॉ. फिरदौस काझींच्या खोलीत भिंतभर एक नकाशा होता. पूर्णेच्या खोऱ्यातली चौदा गावं त्यावर काळ्या ठिपक्यांनी दाखवली होती आणि त्यांच्या खालून निळा डाग पसरला होता. तो डाग म्हणजे जमिनीखालचा कार्बन डायऑक्साइड. काझी मॅडम त्या डागाचं गणिती मॉडेल सांभाळत. डाग कुठल्या महिन्यात कुठवर जाईल, हे त्या सांगत आणि तो तिथवरच जाई.

या खोऱ्यात विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारंच लागतं. म्हणून लोक त्याला खारपाण पट्टा म्हणतात. पण हे वरचं खारेपण काहीच नाही. खूप खाली, काळ्या खडकाच्या थरांच्याही तळाशी, वालुकाश्म आहे. वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला हा दगड डोळ्यांना भरीव दिसला तरी आतून स्पंजासारखा असतो आणि त्याच्या छिद्रांमध्ये समुद्राहून खारं पाणी कोंडलेलं असतं. ते पिण्याच्या कामाचं नाही आणि शेतीच्याही नाही. त्या छिद्रांत वीजकेंद्रांचा आणि सिमेंटच्या भट्ट्यांचा कार्बन डायऑक्साइड दाबून भरायचा, हे भूकोठीचं काम. गावकऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं धुराची कोठी.

इतक्या खोलीवर दाबच एवढा असतो की तो वायू वायू राहत नाही. द्रवासारखा दाट होतो, तरी वायूसारखा चपळ राहतो. खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्यानं तो वर वर सरकतो आणि चिकणमातीच्या दगडाच्या एका अभेद्य थराला जाऊन टेकतो. हा थर म्हणजे कोठीचं झाकण. झाकणाखाली तो तेलाच्या तवंगासारखा पसरतो, सावकाश खाऱ्या पाण्यात विरघळतो आणि हजारो वर्षांनी त्याचाच दगड होतो. गावोगावच्या सभांमध्ये ईश्वरीनं हे सांगितलं होतं. शेवटी ती म्हणायची, अट एकच आहे. झाकणाला भोक नको.

भोकं होती, हेही प्रकल्पाला माहीत होतं. ईश्वरीच्या जन्माच्या कितीतरी आधी एका खाजगी कंपनीनं कोळशातल्या वायूच्या शोधात या भागात खोल छिद्रं पाडली होती. कंपनी बुडाली, तिची दप्तरं गेली, आणि शेतकऱ्यांनी आपापल्या वावरातल्या त्या तयार पाइपांत मोटरी सोडून त्यांच्या बोअर केल्या. हजारो साध्या बोअरींमध्ये अशा खोल नेमक्या कुठल्या, हे आता ओळखू येत नव्हतं. म्हणून सगळ्यांनाच विचारायचं ठरलं. यंत्रानं चौदा गावांतल्या प्रत्येक शेतकऱ्याला फोन लावला. गावच्या मुलीवर लोक विश्वास ठेवतील म्हणून त्या यंत्राला ईश्वरीचा आवाज दिला होता. ज्यांची बोअर उघडी, त्यांच्या वावरात प्रकल्पानं सिमेंट भरलं आणि बाजूला वायू टिपणारी यंत्रं बसवली.

"आसरखेडला एकही उघडं भोक नाही," काझी मॅडम म्हणाल्या. "बघ ना. सगळी बंद. तुझ्या भावाची धरून."

"पीएच साडेपाच आहे, मॅडम."

"शेण पडलं असेल, युरिया वाहून आला असेल. नमुना आण, बघू." मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहत त्या हळूच म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. झाकण पक्कं आहे."

* * *

आसरखेडला पोचेपर्यंत दुपार चढत आली होती. हिवाळ्यातली निपचित दुपार. बाभळीचं पानही हलत नव्हतं. प्रज्वल बांधावर उभा होता आणि दोन नंबरचं तळं जवळजवळ रिकामं झालं होतं. दोन पुरुष खोल असा तो मातीचा मोठा खड्डा, तळाशी गुडघाभर पाण्याचं एक डबकं आणि सगळीकडे पांढरे पडलेले झिंगे.

"आली ऑफिसरबाई," तो म्हणाला. "पाह्य, तुह्या भावाचं सोनं चिखलात पडलं."

ईश्वरीनं बाटली काढली, पण तिचं लक्ष डबक्याकडे गेलं. पाणी उकळत असल्यासारखं दिसत होतं. बारीक बुडबुड्यांची एक रांग बांधाच्या बाजूनं सारखी वर येत होती.

"ब्लोअर चालू हाय काय?"

झिंग्यांना प्राणवायू मिळावा म्हणून तळ्याच्या तळाशी रबरी नळ्या टाकलेल्या असतात आणि बांधावरच्या शेडमधला ब्लोअर त्यांतून हवा सोडतो.

"सकाळीच बंद केला. मेलेल्या झिंग्यायले हवा कायले पाह्यजे?"

"मंग हे बुडबुडे कायचे?"

प्रज्वलनं डोळे बारीक केले. "दोन-तीन दिवसांपासून येतात. मले वाटलं नळी फुटली."

बुडबुड्यांची रांग जिथून निघत होती तिथं, बांधाच्या आतल्या उतारावर, एक चपटा दगड होता. दगडाखाली पोत्याचा तुकडा दाबलेला. पोतं ओलं होतं आणि त्याची कड मांजराच्या पोटासारखी हळूहळू वरखाली होत होती. ईश्वरी दोन पावलं जवळ गेली. नाकात झिणझिण्या आल्या, सोड्याची बाटली फोडून तोंडाशी नेली की येतात तशा.

"दादा, हे काय हाय?"

"बोअर."

"कोणती बोअर?"

"आबाच्या वेळची. बंद हाय थे."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. कसं इचारते? पाणी लय खारं लागलं, मोटर सडे. मंग मोटर काढून टाकली, बंद पडली बोअर."

"अन् तोंड? तोंडावर काय केलं?"

"हे काय, दगड ठेवला ना. बकरीचं पिल्लू पडू नये म्हून." प्रज्वलला अजूनही तिच्या चेहऱ्याकडे पाहून काही उमगत नव्हतं. "तूच तं फोन केला होता मांगं. तू म्हणजे तुह्या मशीननं. 'नमस्कार, मी ईश्वरी, तुमच्या शेतातली जुनी बोअर उघडी आहे की बंद?' मी म्हटलं, बंद हाय वं माय, जेवली काय तू? तं थे मशीन म्हणते, 'धन्यवाद.' रोशनी अन् मी दोघंबी हासलो."



मूळ प्रश्न इंग्रजीत होता. त्यात सिमेंट भरून बुजवलेल्या छिद्रासाठी तज्ज्ञांचा नेमका शब्द होता. मराठी करताना तिनं त्याला 'बंद' म्हटलं. सोपा, सगळ्यांना कळणारा. काझी मॅडमना आवडला होता. आणि ज्या मातीत ती वाढली तिथं पंखा बंद असतो, दुकान बंद असतं, एसटी बंद असते आणि पाणी न देणारी बोअरही बंदच असते. ज्या दिवशी मोटर निघते त्या दिवशी ती बंद होते. तिचं तोंड आभाळाकडे आ वासून उघडं असलं तरी.

चौदा गावं. जवळजवळ सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं. सगळ्यांनी खरं उत्तर दिलं होतं. आणि जिथं जिथं 'बंद' आलं, तिथं तिथं ना सिमेंट पडलं होतं ना यंत्र बसलं होतं. तिचा पडदा हिरवा होता, कारण त्याला डोळेच नव्हते.

"अरे, बगळ्यायले काय झालं?" प्रज्वल म्हणाला.

तिनं मान वळवली. मेलेल्या झिंग्यांवर उतरलेले बगळे तळ्याच्या तळाशी पडले होते. जखम नाही, रक्त नाही, फडफड नाही. कोणी पांढरे रुमाल टाकून दिल्यासारखे पंख पसरून पडले होते. तिच्या डोळ्यांदेखत आणखी एक घिरटी घालून खाली आला, चोच पुढे केली, आणि पाय दुमडून कलंडला.

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असतो. वारा नसला की तो पाण्यासारखा उतारानं वाहतो आणि खड्ड्यात साचतो. तळं रिकामं नव्हतं. ते काठोकाठ भरलेलं होतं आणि जे भरलं होतं ते दिसत नव्हतं.

हे सगळं तिला एका क्षणात कळलं. पण तेवढ्या क्षणात प्रज्वल उतारावरून अर्धा खाली गेला होता.

"दादा! वर ये! श्वास घेऊ नको, वर ये!"

तो वळला. "काय?" म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि छातीभर श्वास घेतला. त्याच्या चेहऱ्यावर नवल उमटलं, कुणी पाठीत थाप मारली की उमटतं तसं. मग त्याचे गुडघे वाकले आणि तो बगळ्यांच्या बाजूला चिखलात बसला, आणि बसल्या जागी आडवा झाला.

ईश्वरी धावली. दोन ढांगा टाकते तोच कुणीतरी मागून तिच्या कुडत्याला हिसका दिला. रोशनीवहिनी होती.

"तू बी पडशीन ना! त्यायले उचलंन कोन मंग?"

"वहिनी, ब्लोअर! ब्लोअर चालू कर!"

रोशनी काही न विचारता शेडकडे पळाली. ब्लोअर घरघरला. त्याचं हवा ओढणारं तोंड शेडच्या छपरावर, उंच होतं. तिथली हवा अजून हवा होती. ईश्वरीनं काठावरची एक नळी जोडणीतून ओढून काढली. टोकातून गार हवेचा झोत आला. ते टोक तिनं दातांत धरलं, नाक चिमटीत दाबलं आणि ती उतरली.

डोळे चुरचुरत होते. नळी मागून सळसळत येत होती. ती अपुरी पडेल का, हा हिशेब करायचा नाही असं तिनं ठरवलं. प्रज्वलपाशी बसून तिनं एक मोठा श्वास ओढला, रोखला, आणि नळी त्याच्या नाकातोंडाशी धरली. पुन्हा आपल्या. पुन्हा त्याच्या. त्याचे ओठ निळसर होते. वर रोशनीनं झिंगे ओढायचं लांब जाळं खाली फेकलं. शेजारच्या वावरातून आरडाओरडा ऐकून सुखदेवकाका धावत आले होते. ईश्वरीनं भावाला जाळ्यावर लोटलं, हात वर केला, आणि त्या दोघांनी चिखलातून घसटत त्याला बांधावर ओढून घेतलं.

वर आल्यावर ती ओकली. प्रज्वलच्या छातीवर रोशनीनं दोन्ही हात ठेवले होते आणि ती नुसतं म्हणत होती, "घ्या ना. घ्या ना श्वास. घ्या ना."

त्यानं घेतला. गळ्यात घरघर झाली, मग खोकला, मग पुन्हा श्वास. डोळे उघडले नाहीत.

* * *

सुखदेवकाकांनी ट्रॅक्टर आणला. गावात उरलेला तो एकच डिझेलचा ट्रॅक्टर. त्यावरून त्यांची रोज थट्टा व्हायची. ट्रॉलीत प्रज्वलला निजवलं आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागले. धक्के खात खातच ईश्वरीनं फोन लावला.

"मॅडम, खाली वायू भरायचं इंजेक्शन थांबवा. आत्ता."

"काय झालं? आवाज असा का—"

"झाकणाला भोकं आहेत. किती ते माहीत नाही. माझ्या भावाच्या वावरातलं एक मी बघितलं. वर नुसता दगड ठेवलाय."

"पण ते बंद—"

"बंद म्हणजे चालत नाही, मॅडम. बुजवलेलं नाही. इथं कोणी बोअर बुजवत नाही. त्यांना ते विचारलंच नव्हतं आपण."

काझी मॅडमचा आवाज आला, अगदी सावध, उकळतं भांडं उचलावं तसा. "ईश्वरी, ऐक. सगळं थांबवलं तर वीजकेंद्रांचा सगळा वायू परत आभाळात जाईल. पुढच्या चार खोऱ्यांची परवानगी आपल्या भरवशावर आहे. एका तळ्यावरून मी... मॉडेल म्हणतं हे शक्य नाही."

"मॉडेलला 'बंद' मी शिकवलंय."

सुखदेवकाकांसोबत आलेली त्यांची म्हातारी ट्रॉलीच्या फळीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "कायची बोअर वं? बंद बोअर? माह्याबी घरी हाय ना एक."

"कुठं, काकू?"

"न्हाणीत. वरून न्हाणी बांधली. पाइप तसाच हाय. आंघोळीचं पाणी आपोआप खाली जाते, नाली काढाचं कामच नाई पडलं." तिनं अभिमानानं सांगितलं, मग ईश्वरीकडे पाहून तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"घरी कोण आहे आता?"

"कोनी नाई. आमी दोघंच तं हावो. दोघंबी इथं."

फोन चालूच होता. काझी मॅडमनी सगळं ऐकलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "या अल्लाह." आणि मग, कोरड्या आवाजात, "थांबवते."

नाल्याच्या उतारावर ट्रॅक्टर खोकला. एकदा, दोनदा. सुखदेवकाकांनी ॲक्सिलेटर दाबला. इंजिननं एक आचका दिला आणि ते गप्प झालं.

"काल तं टाकी भरली," काका म्हणाले आणि उतरायला पाय खाली सोडला.

"उतरू नका!" ईश्वरी किंचाळली.

इंजिनही श्वासच घेतं. डिझेल जळायला हवेतला प्राणवायू लागतो. बॅटरीवरच्या गाड्यांना तो लागत नाही, आणि वायू अजून बसलेल्यांच्या नाकापर्यंत चढला नव्हता, म्हणून सकाळपासून या नाल्यातून गेलेल्या एकाही गाडीला काही कळलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या स्कूटरलाही नाही. तळ्यातून ओसंडलेला वायू नाल्यात उतरला होता आणि नाला गावाला वळसा घालून जात होता. पुढचा रस्ता त्यातूनच होता.

काकांनी ब्रेक दाबून धरला, वरच्या काठावरच्या लोकांना हाका मारल्या, आणि त्यांनी मागून दोर लावून ट्रॅक्टर उतारावरून बाहेर ओढून काढला. गाव जवळ होतं. गावातलं पहिलं सिमेंटचं घर ग्रामपंचायतीचं. जिन्यावरून चार माणसांनी प्रज्वलला उचलून स्लॅबवर नेलं.

* * *

फोन लावणारं यंत्र अजून तिच्याच हातात होतं. त्यावर काही पाठवायचं तर तीन जणांची संमती लागे. तिनं कोणाची घेतली नाही. कायद्यानं तो आवाज आता प्रकल्पाच्या मालकीचा होता, हेही तिला ठाऊक होतं. तिनं संदेश लिहिला, दोनदा वाचला, त्यातला प्रत्येक शब्द सुखदेवकाकांना वाचून दाखवला आणि विचारलं, "काका, याचा अर्थ काय होतो? तुमच्या शब्दांत सांगा."

काकांनी सांगितलं. मग तिनं पाठवला.

क्षणभरानं काकांच्या खिशातून तिचा आवाज आला. मग रोशनीच्या हातातून. मग खालच्या गल्लीतून, शेजारच्या घरांतून, पारावरून. तिचाच आवाज गावभर एकदम बोलायला लागला. 'मी ईश्वरी. जमिनीतून वायू निघतो आहे. तो दिसत नाही. जुन्या बोअरजवळ जाऊ नका. खड्ड्यात, नाल्यात, विहिरीत उतरू नका. घरातून बाहेर या आणि उंचावर जा.'

पहिला उलटा फोन शेजारच्या गावातून आला. म्हातारा माणूस होता. "बाई, उंचावर जा म्हनता, पन आपल्याकडं उंच काय हाय?"

तिनं स्लॅबवरून चारी बाजूंना पाहिलं. पूर्णेचं खोरं तळहातासारखं सपाट पसरलं होतं. नजर पोचेल तिथवर टेकाडाचं नाव नव्हतं. लहानपणापासून तिनं हे पाहिलं होतं आणि तरी संदेश लिहिताना तिला ते सुचलं नव्हतं.

"स्लॅबवर," ती म्हणाली. "घराच्या स्लॅबवर चढा, आजोबा. ज्यांच्याकडे स्लॅब नाही त्यांना तुमच्याकडे घ्या." तेच तिनं पुन्हा सगळ्यांना पाठवलं.

लोक चढले. शिड्या लावून, एकमेकांना हात देऊन. कुणी पिण्याच्या पाण्याची कळशी वर नेली, कुणी शेळी. सुरुवातीला गलका होता, नावं घेऊन हाका होत्या, एकदोन ठिकाणी हसणंही होतं. कुणीतरी ओरडून विचारलं, "सुखदेव, न्हाणीत गेला नाई ना आज?" आणि काकांनी शिवी हासडली. मग वरून लोकांना खालच्या गल्ल्या दिसल्या. नाल्याच्या बाजूच्या गोठ्यात बांधलेली जनावरं बसली होती. एकाही जनावराच्या कानाची हालचाल होत नव्हती. तेव्हापासून गावात कोणी मोठ्यानं बोललं नाही.

प्रज्वलनं डोळे उघडले होते. डोकं रोशनीच्या मांडीवर. त्याला बोलायला कष्ट पडत होते. "ईसू," तो म्हणाला, "कोठीच्या कागदावर सह्या मी घेतल्या ना लोकांच्या. बहीण हाय तिथं, काही नाई होत, म्हून."

"बोलू नको दादा."

"मी घेतल्या," तो पुन्हा म्हणाला. तो तिला दोष देत नव्हता. स्वतःलाच समजावत होता, आणि तेच तिला ऐकवत नव्हतं.

काझी मॅडमचा फोन आला. इंजेक्शन थांबलं होतं. सिमेंट भरणाऱ्या तुकड्या निघाल्या होत्या, पण श्वासाच्या नळकांड्यांशिवाय त्यांना गावात शिरता येणार नव्हतं. खालचं खारं पाणी उपसून दाब उतरवायचा विचार चालू होता.

"दाब किती वेळात उतरेल, मॅडम?"

"जे आत गेलंय ते आतच आहे, ईश्वरी. आम्ही आणखी भरायचं थांबवलंय, एवढंच. काल विचारलं असतंस तर मी तुला आकडा दिला असता."

फोन ठेवला तेव्हा तिला जाणवलं की आजूबाजूचे सगळे तिच्याकडे पाहत होते. पलीकडच्या स्लॅबवर, गल्लीच्या त्या बाजूला, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बेबीमावशी उभ्या होत्या. चार वर्षांची नात त्यांच्या पायाशी बसून सिमेंटवर खडूनं रेघा ओढत होती. सभांमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न बेबीमावशी विचारत आणि ईश्वरीकडे प्रत्येकाचं उत्तर असे.

"ईसू," मावशींनी गल्लीवरून हाक मारली. "खाली कधी उतराचं वं?"

ईश्वरीनं आभाळाकडे पाहिलं, मग झाडांकडे. एक पान हलत नव्हतं. वारा सुटला तर काही तासांत. नाही सुटला तर वायू वर वर चढत येईल... चौदा गावांत किती तोंडं उघडी आहेत? त्यातली किती खोल आहेत? किती माजघरांत आहेत, न्हाण्यांत आहेत, पाळण्यांखाली आहेत?

"मले नाई मालूम, मावशी," ती म्हणाली. "अन् कोनालेच नाई मालूम."

  मावशींनी वाकून नातीच्या हातातला खडू काढून घेतला, तिला उचललं, कडेवर घेतलं, आणि जरा विचार करून खांद्यावर बसवलं. शेजारच्या स्लॅबवरच्या बाईनं ते पाहिलं आणि आपल्या लेकराला उचललं. मग त्यापुढच्या स्लॅबवर एका बापानं. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. सूर्य मावळतीकडे कलत होता, आणि आसरखेडच्या स्लॅबास्लॅबांवर माणसं आपापली मुलं हाताला पोचतील तितकी उंच धरून उभी राहिली.